मतपत्रिका, खालून वर

वेंडल हॉस्किन्सला कागदाशिवाय बोलता येत नसे. दुसऱ्या कोणाच्या बाबतीत ही गोष्ट कोणाच्या ध्यानातही आली नसती. पण वेंडल रेडिओवर बोलत असे, आणि गेली एकवीस वर्षे बोलत आला होता.

कोल्टर क्रीकच्या मुख्य रस्त्यावर, हार्डवेअरच्या दुकानाच्या माडीवर, दोन खोल्यांचे त्याचे रेडिओ केंद्र होते. गुरांचे भाव, घाटातल्या बर्फाची खबर, कोणाच्या घरी मयत झाली, कोणाचा कुत्रा हरवला, सगळे तो कागदावरून वाचे. कागद हातात असला की त्याचा आवाज असा काही भरदार लागे, की पलीकडच्या खोऱ्यातल्या बायका त्याला सहा फुटी गडी समजत. प्रत्यक्षात तो बेताच्या उंचीचा, समोरच्याच्या बुटांकडे बघत बोलणारा माणूस होता. दुकानात दूध आणायला गेला तरी दाराबाहेर थांबून वाक्य मनाशी दोनदा जुळवून पाही.

केंद्राचा फोन त्याची मेहुणी डेल्फा सांभाळी. ती म्हणे, "ह्याला लग्नाची मागणीसुद्धा माझ्या बहिणीनं लिहून दिली होती. ह्यानं नुसती वाचली." वेंडलला ते खोटे आहे असे कधी छातीठोकपणे म्हणता आले नाही.

रोज संध्याकाळी साडेपाचला 'देवाणघेवाण' नावाचा कार्यक्रम लागे. लोक फोन करून आपल्याकडे काय आहे आणि बदल्यात काय हवे ते सांगत. डेल्फा ते कार्डावर उतरवी आणि वेंडल वाची. जुना नांगर आहे, बदल्यात सरपण हवे. अंड्यावरच्या सहा कोंबड्या आहेत, बदल्यात लहान मुलाचा पलंग हवा. फोनवरच्या माणसाचा आवाज मात्र त्याने कधी हवेवर, म्हणजे थेट रेडिओवर, जाऊ दिला नव्हता. माणूस काय बोलेल त्याचा नेम नाही, आणि तो बोलला की आपल्याला उत्तर द्यावे लागते.

त्या वर्षी राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीचा मंगळवार कोरड्या, कडक थंडीचा निघाला. रस्त्यापलीकडे शेतकरी संघटनेच्या सभागृहात मतदान होते. मतपत्रिका हातभर लांब होती. सर्वांत वर राष्ट्राध्यक्षपद. मग सिनेटर, न्यायाधीश, शाळा समिती, असे करत करत अगदी तळाला तेविसावी ओळ. कोल्टर क्रीकचे अकरा खाटांचे हॉस्पिटल चालू ठेवण्यासाठी जमिनीवर कर बसवावा की नाही, एवढाच प्रश्न त्या ओळीत होता. मे महिन्यात हाच प्रश्न एकोणीस मतांनी पडला होता. आता पुन्हा पडला तर नववर्षाच्या दिवशी हॉस्पिटलला कुलूप लागणार, हे काउंटीच्या, म्हणजे त्या जिल्ह्याच्या, समितीने लेखी कळवले होते. त्यापुढचे हॉस्पिटल चौऱ्याऐंशी मैलांवर, घाटापलीकडे. आणि घाट हिवाळ्यात आठवड्यातून दोन दिवस तरी बंद.

कराच्या विरोधात होते मोठे जमीनदार, आणि त्यांचा पुढारी हार्लन टेट. खोऱ्यातली निम्मी कुरणे त्याचीच. हे लोक गुरांना चारा घालून सकाळी आठलाच मत देऊन मोकळे होत. कराच्या बाजूची माणसे लाकडाच्या गिरणीत कामाला. त्यांची पाळी पाचला सुटे, आणि मग ती बायकामुलांसकट मतदानाला येत. म्हणजे हॉस्पिटलचे काय होणार, ते पाच ते आठ या तीन तासांत ठरायचे होते. हे गावात सगळ्यांना माहीत होते. वेंडललाही होते.

सव्वापाच वाजता टेलिप्रिंटरची घंटा वाजू लागली. तातडीची बातमी असली की ती पाच वेळा वाजे. त्या संध्याकाळी दहा वेळा वाजली. कागद अजून यंत्रातून सरकत होता तोच वेंडलने तो फाडला, माइकचे बटण दाबले आणि वाचायला सुरुवात केली.

"नुकतीच हाती आलेली बातमी. न्यूयॉर्क. पूर्वेकडच्या राज्यांतल्या निकालांवरून सिनेटर कॅस्वेल हे राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले आहेत. त्यांचे प्रतिस्पर्धी मिल्बर्न यांचा मोठा पराभव झाला आहे. पुन्हा सांगतो..."

त्याने ती दोनदा वाचली. दुसऱ्या वेळी आवाज जरा जास्तच भरदार लागला. शहरातल्या मोठ्या केंद्राने अजून ही बातमी दिलेली नव्हती. गाणे लावून तो खुर्चीत मागे रेलला, आणि एकवीस वर्षांत बहुधा पहिल्यांदाच त्याला वाटले, आपण काही अगदीच टाकाऊ माणूस नाही.

"वेंडल," खिडकीपाशी उभी असलेली डेल्फा म्हणाली. "जरा इकडे ये."

सभागृहाबाहेर साठेक माणसांची रांग होती. शेजारी उभ्या असलेल्या एका ट्रकचे दार उघडे होते आणि आतला रेडिओ रांगेला ऐकू जाईल इतका मोठा लावलेला होता. वेंडलचाच रेडिओ. डेल्फाने खिडकीची काच वर सरकवली, तशी खालची बोलणी स्पष्ट ऐकू आली.

"संपलं की! कॅस्वेल आला!"

"मग आपण इथं कशाला गारठतोय?"

गिरणीत करवतीवर काम करणारा लेस्टर क्विग रांगेच्या मधोमध होता. तो आपल्या जोडीदाराला म्हणाला, "माझा मिल्बर्न तर झोपला. मेलेल्या घोड्याला आता चारा काय घालायचा?"

"अन् माझा कॅस्वेल जिंकला," जोडीदार बर्ट म्हणाला. "माझ्या एका मतावाचून त्याचं काय अडलंय? चल, तुझं दुःख बुडवू. बिअर माझी."

"तुझी बिअर असेल तर दुःख जरा मोठं करतो," लेस्टर म्हणाला, आणि दोघे एकाच पिकअपमध्ये बसून दारूच्या गुत्त्याकडे निघून गेले.

वेंडल बघत राहिला. हरणाऱ्याचा माणूस घरी चालला होता आणि जिंकणाऱ्याचाही घरी चालला होता. बातमी एकच, पण ज्याला त्याला तिच्यात आपापले घरी जाण्याचे कारण सापडले होते. गिरणीकडून येणाऱ्या गाड्यांचे दिवे दिसत होते. पेट्रोल पंपापाशी त्या थबकत आणि वळून परत जात. दहा मिनिटांत रांगेत चौदा माणसे उरली.

जिन्यावर धाडधाड पावले वाजली आणि रोवेना किम्बल आत आली. ही हॉस्पिटलची मुख्य परिचारिका. नर्सच्या पांढऱ्या कपड्यांवर तिने नवऱ्याचा जाड कोट चढवला होता.

"अभिनंदन, वेंडल," ती म्हणाली. "मी सहा आठवडे दारोदार फिरून जी माणसं जमवली, ती तू एका वाक्यात घरी पाठवलीस."

"बातमी खरी होती, रोवेना," वेंडल तिच्या बुटांकडे बघत म्हणाला.

"खोटी आहे असं म्हणतंय कोण? पण उद्या बाळंतीण घाटात अडकली, तर तिला सोडवायला तुझा कॅस्वेल येणार आहे का? फावडं घेऊन?"

"मी फक्त आलेला कागद..."

"माइक चालू कर आणि सांग लोकांना. परत या, आणि हॉस्पिटलला हो म्हणा."

"ते मला सांगता येत नाही. परवान्यात आहे तसं. एका बाजूनं बोललो तर हार्लन टेटलाही तेवढाच वेळ द्यावा लागेल."

"देऊ की," डेल्फा म्हणाली. "हार्लन दोन मिनिटं बोलला तर त्याची बायकोसुद्धा आपल्याला मत देईल."

वेंडल हसला नाही. परवान्याचे कारण खरे होते, पण पुरते खरे नव्हते. त्याला आतून वाटत होते, की 'हो म्हणा' असे सांगणे म्हणजे मघाच्याच चुकीची दुसरी बाजू. लोकांनी काय करावे हे त्याने कधी सांगितले नव्हते. मघाही सांगितले नव्हते. त्याने वाचले होते, कॅस्वेल निवडून आले. आणि लोकांनी ऐकले होते, मतदान संपले. कागदावर ते नव्हते. मग ते आले कुठून? कदाचित त्या भरदार आवाजातून आले असेल. पूर्वेकडची मते आणि इकडची मते यांच्यामध्ये तीन तासांचे अंतर आहे, हे त्याला शाळेतल्या पोराइतके ठाऊक होते. ते एक वाक्य जोडायला कोणी मनाई केली नव्हती. घाई झाली होती, एवढेच. शहरातल्या केंद्राच्या आधी सांगायचे होते.

"उरले अकरा," खिडकीतून डेल्फा म्हणाली.

वेंडलने इकडेतिकडे पाहिले. काहीतरी वाचायला हवे होते. भिंतीवर, काउंटीच्या कचेरीतून आलेली नमुना मतपत्रिका टाचलेली होती. वरपासून खालपर्यंत, हातभर लांब. त्याने ती ओढून काढली. टाचणी कुठेतरी उडाली. खुर्चीत बसून त्याने चालू असलेले गाणे मध्येच तोडले, आणि असे त्याने आजवर कधी केले नव्हते.

"हे कोल्टर क्रीकचं रेडिओ केंद्र. वेळ पाच वाजून चौतीस मिनिटं. मतदान आठ वाजेपर्यंत चालू आहे." तो थांबला. कागदावर हे काहीच लिहिलेले नव्हते. "सव्वापाच वाजता मी तुम्हाला मतपत्रिकेवरच्या पहिल्या ओळीची बातमी दिली. मतपत्रिकेवर तेवीस ओळी आहेत. उरलेल्या बावीस मी आता वाचतो. खालून वर."

रोवेना भिंतीला टेकून खाली बसली.

"ओळ तेविसावी. कोल्टर क्रीक हॉस्पिटल पुढची पाच वर्षं चालू ठेवण्यासाठी कर बसवावा का? हो किंवा नाही. निकाल: अजून लागलेला नाही. ओळ बाविसावी. कुरणांतले रानकाटे काढण्यासाठी काउंटीनं माणूस नेमावा का? हो किंवा नाही. निकाल: अजून लागलेला नाही. ओळ एकविसावी. शाळा समिती, तिसरी जागा..."

त्याने एकही ओळ गाळली नाही. प्रत्येक ओळीनंतर तेच चार शब्द, त्याच आवाजात. विसाव्या ओळीपाशी डेल्फाला हसू आले, पंधराव्या ओळीपाशी ते थांबले, आणि दहाव्या ओळीपाशी ती स्वतःशीच ओठ हलवून त्याच्याबरोबर म्हणू लागली, अजून लागलेला नाही.

"ओळ पहिली," वेंडल म्हणाला. "राष्ट्राध्यक्षपद. ह्या ओळीबद्दल न्यूयॉर्कचं म्हणणं तुम्ही मघाशी ऐकलंत. आपल्या खोऱ्यातली मतं त्यांनी त्यात धरलेली नाहीत. कशी धरणार? ती तुम्ही अजून टाकलेली नाहीत."

त्याने बटण बंद केले.

फोन वाजला. डेल्फाने तो उचलताच दुसऱ्या तारेवरचा वाजला.

"ओटिली फेन बोलतेय," तिकडून म्हातारीचा आवाज आला. "मला वाटलं बंद झालं सगळं. मी आत्ताच टोपी काढली. परत घालू का? पण मला नेणारा पुतण्या गेला निघून."

डेल्फाने कार्ड ओढले, तेवढ्यात पहिला फोन ठेवायच्या आत दुसऱ्यावरचा माणूस ओरडू लागला, की माझ्या पिकअपमध्ये मागे जागा आहे, कोणाला आणायचं का? तिने दोन्ही हातांत दोन फोन धरले आणि पेन्सिल तोंडात. मग ती पेन्सिल थुंकली.

"कार्डं जमायची नाहीत," ती म्हणाली. "तूच बोल."

"मी? काय बोलू?"

"साडेपाच कधीच होऊन गेले. देवाणघेवाण आहे ना? ही हिची टोपी, हा ह्याचा ट्रक. घे." आणि कोपराने बटण दाबून तिने फोन सरळ माइकसमोर धरला.

रेडिओवर चार सेकंदांची शांतता फार मोठी असते. लोक खोका थोपटू लागतात. त्या चार सेकंदांत वेंडलने मनाशी एक वाक्य जुळवले, ते बिघडले, दुसरे जुळवले, तेही बिघडले. मग त्याने तो नाद सोडला.

"मिसेस फेन," तो म्हणाला, "टोपी घाला. गिरणीच्या रस्त्यानं कोणी येत असेल तर एक जागा हवी आहे. बदल्यात काय द्याल, मिसेस फेन?"

"बीटच्या लोणच्याची बरणी आहे. पण गाडी हळू चालवणारा हवा."

"बीटच्या लोणच्याची बरणी. हळू चालवणारा हवा. पुढचा फोन."

पुढचा फोन आला, आणि त्याच्या पुढचाही. पिकअपमध्ये पाच जण मावतील, पण कुत्रा आहे आणि तो उतरणार नाही. तीन मुलांना सांभाळायला तासभर कोणी मिळेल का, मी आणि नवरा दोघेही यायला निघालोय. मी सांभाळते, पण माझी दोन धरून पाच होतील, तुमची चावत तर नाहीत ना? वेंडल बोलत होता. अडखळत होता, मध्येच 'अं' म्हणत होता. आवाज तितकासा भरदार नव्हता. पण कोणाचीही तक्रार नव्हती.

सहा वाजून दहा मिनिटांनी गुत्त्यातून फोन आला. मागे टीव्हीवर कॅस्वेल विजयाचे भाषण करत होता.

"वेंडल, लेस्टर क्विग बोलतोय. ते रानकाट्यांचं खरंच मतपत्रिकेवर आहे?"

"आहे. ओळ बाविसावी."

"मग आधी कोणी बोललं का नाही? मी तीन वर्षं काउंटीच्या कचेरीत खेटे घालतोय त्या काट्यांपायी! माझ्या घोडीचं तोंड चाळणीसारखं झालंय!"

"लेस्टर, तू हवेवर आहेस."

"असू दे. घोडीलाही ऐकू दे. आणि हॉस्पिटलचं म्हणशील तर मी..."

"काय करणार ते सांगू नकोस," वेंडल घाईने म्हणाला. "ते पडद्याआड जाऊन कर."

मागून गुत्तेवाल्याचा आवाज आला. "आधी जाऊन या रे सगळे! बिअर कुठं पळून जात नाही. आणि ह्या कॅस्वेलचा आवाज कोणीतरी बंद करा, आधीच निवडून आलाय."

रोवेना आता खिडकीपाशी उभी राहून मोजत होती. अकराचे तीस झाले, तिसाचे पंचावन्न. "गिरणीच्या वसाहतीतली माणसं नाहीत अजून," ती म्हणाली. "तिकडे निम्म्या घरांत गाडीच नाही. आधी येणार होती ती दुसऱ्यांच्या गाडीतून, आणि ते दुसरे गेले घरी."

तेवढ्यात डेल्फाने फोन कानाला लावला आणि तिचा चेहरा बदलला. तिने फोनच्या तोंडावर हात ठेवला. "हार्लन टेट," ती कुजबुजली.

"देऊ नकोस," रोवेना म्हणाली.

वेंडलने क्षणभर विचार केला. मग त्याने हात पुढे केला. "त्यांनाही तेवढाच हक्क आहे. बोला, हार्लन. हवेवर आहात."

"मी सकाळी आठ वाजता हॉस्पिटलच्या कराला 'नाही' म्हणून आलोय," खरखरीत आवाजात हार्लन टेट म्हणाला, "आणि आणखी एक मत असतं तर तेही 'नाही'लाच टाकलं असतं. हे आधी सगळ्यांनी नीट ऐका."

"ऐकलं."

"आता दुसरं. मे महिन्यात मी एकोणीस मतांनी जिंकलो. ते मी कुठंही तोंड वर करून सांगतो. पण न्यूयॉर्कातल्या कुठल्या तरी टायवाल्यानं माझ्या शेजाऱ्यांना घरी बसवलं म्हणून हार्लन टेट जिंकला, असं कोणी म्हणालेलं मला चालायचं नाही. माझा गुरांचा ट्रक मी गिरणीच्या वसाहतीच्या तोंडाशी आणून उभा केलाय. तीस माणसं उभी राहतील. दोन फेऱ्या मारीन, लागली तर तिसरी. बदल्यात काही नको. या, आणि हरा."

रोवेनाला राहवले नाही. ती माइकवर वाकून ओरडली, "हार्लन, तुमच्या ट्रकाला शेणाचा वास येतो!"

"दुपारीच धुतलाय, बाई. तुमच्यासाठी पेंढाही नवा टाकलाय."

"मग त्याच ट्रकातून येऊन तुम्हाला हरवतो!"

"अहो, तेच तर म्हणतोय मघापासून!"

सात वाजता तो ट्रक मुख्य रस्त्यावर आला. उंच लाकडी फळ्यांच्या आत माणसे उभी होती, फळ्यांमधून डोळे आणि लोकरी टोप्या तेवढ्या दिसत होत्या. सभागृहापाशी ट्रक थांबताच आतून कोणीतरी गाईसारखे हंबरले. रांगेतून दुसऱ्याने उत्तर दिले. मग काय, सगळी रांग हंबरू लागली. साठसत्तर धडधाकट माणसे, त्यांच्या बायका, कडेवरची पोरे, सगळी हंबरत होती आणि हसत होती. हार्लन टेटने उतरून मागची फळी पाडली, टोपी सारखी केली, आणि दुसऱ्या फेरीला निघून गेला.

रांग चर्चच्या पुढे गेली, मग पेट्रोल पंपाच्याही पुढे. सभागृहातल्या बायकांनी सूपाचे पातेले उचलून बाहेर आणले आणि रांगेच्या कडेने वाटत निघाल्या. ओटिली फेन टोपी घालून कोणाच्या तरी हळू चालणाऱ्या गाडीतून उतरली. लेस्टर क्विग भेटेल त्याला घोडीची हकिकत सांगत होता.

आठला वीस मिनिटे कमी असताना डेल्फाने विचारले, "वेंडल, तू मत दिलंस का रे?"

वेंडलने तिच्याकडे पाहिले. तो दर निवडणुकीला देवाणघेवाण संपली की रस्ता ओलांडून जाई. आज देवाणघेवाण संपलीच नव्हती.

"माइक सोडून कसा जाऊ?"

"मी बोलते. एकवीस वर्षं तू जे वाचतोस ते लिहितं कोण? ऊठ."

तो कोट न घालताच खाली उतरला आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला. पुढची बाई पलीकडच्या खोऱ्यातली होती. तिने वळून थंडी किती आहे असे काहीसे विचारले, आणि त्याने उत्तर देताच ती थबकली.

"अगोबाई! तुम्ही वेंडल हॉस्किन्स? मला वाटलं होतं, उंच असाल."

"मलाही तसंच वाटायचं," वेंडल म्हणाला. असे काही आपल्या तोंडून निघेल याची त्याला कल्पना नव्हती. बाई इतकी हसली की रांग वळून बघू लागली. पुढून कोणीतरी ओरडले, "रेडिओ आला रे!" आणि कोणीतरी टाळी वाजवली. मग टाळ्या रांगेतून पुढे पुढे सरकत गेल्या, सभागृहाच्या दारापर्यंत. हातमोजे घातलेल्या हातांच्या टाळ्या. मोठा आवाज नव्हता त्यांना. वेंडलला कुठे बघावे कळेना. सवयीने त्याने खाली पाहिले, मग वर पाहिले. सगळे त्याच्याकडे बघत होते आणि त्याला ते सोसवत होते.

आठच्या ठोक्याला शेरीफचा शिपाई येऊन त्याच्यामागे उभा राहिला. "जे रांगेत आहेत ते सगळे मत देतील," तो म्हणाला. "ह्याच्यामागे कोणी नाही. हा शेवटचा."

अशा रीतीने त्या वर्षी कोल्टर क्रीकमधले शेवटचे मत वेंडल हॉस्किन्सने दिले. पडद्याआड जाऊन त्याने मतपत्रिकेवर तेविसाव्या ओळीपासून खुणा करायला सुरुवात केली आणि वर वर गेला. राष्ट्राध्यक्षाच्या ओळीपाशी तो बराच वेळ थांबला. ती लढाई संपली होती, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक? तरी त्याने खूण केली, आणि नीट ठळक केली. कोणाच्या नावापुढे केली ते त्याने डेल्फालाही कधी सांगितले नाही.

सकाळी सहा वाजता काउंटीच्या कचेरीतून फोन आला. डेल्फा आकडे लिहून घेत होती आणि वेंडल तिच्या खांद्यावरून वाचत होता. तिने लिहिणे संपवले, कागद त्याच्या हातात दिला आणि डोळ्यांना पदर नव्हता म्हणून बाही लावली.

"कोल्टर क्रीक हॉस्पिटल," वेंडल माइकवर म्हणाला. "हो, अकराशे सव्वीस. नाही, एक हजार त्र्याण्णव. तेहेतीस मतांनी हॉस्पिटल राहिलं." त्याने श्वास घेतला. "रानकाट्यांसाठी माणूस नेमला जाईल. तो प्रश्न फार मोठ्या फरकानं मंजूर झाला आहे. राष्ट्राध्यक्षपदासाठी आपल्या खोऱ्यानं मिल्बर्न यांना आठ मतांनी पुढं ठेवलं. देशात ते हरले. इथं हरले नाहीत."

कचेरीने आणखी एक आकडा दिला होता. पाच चौतीसनंतर सभागृहात दोनशे बारा माणसांनी मत दिले होते. त्यांतल्या किती जणांनी 'हो' म्हटले, आणि किती जण कोणी काही न बोलताही परत आले असते, ते कोणालाच सांगता येणार नाही. वेंडलने तो आकडा वाचला, तेवढाच.

खाली रस्त्यावर एक भोंगा वाजला. हार्लन टेट पेट्रोल पंपापाशी ट्रकमध्ये बसून रेडिओ ऐकत होता. त्याने एकदा, लांब भोंगा वाजवला, टोपी किंचित उचलली आणि कुरणांच्या दिशेने निघून गेला. त्याच्या मागोमाग दुसऱ्या गाडीचा भोंगा वाजला, मग तिसऱ्या. गिरणीच्या पहिल्या पाळीला निघालेल्या सगळ्या गाड्या, मुख्य रस्त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. हार्डवेअरच्या दुकानाच्या काचा थरथरू लागल्या.

त्यातच फोन वाजला. रोवेना होती, हॉस्पिटलमधून. "ऐक," एवढेच ती म्हणाली, आणि फोन वॉर्डाकडे धरला.

वेंडलने ऐकले. मग त्याने फोन माइकसमोर धरला, म्हणजे खोऱ्यालाही ऐकू जावे. अकरा खाटांवरचे रोगी न्याहारीच्या ताटांवर चमचे बडवत होते. काही जोरात बडवत होते, एक-दोन अगदी हळू, आणि त्यांतून एका नुकत्याच जन्मलेल्या पोराचे रडणे अधूनमधून वर येत होते. चमचे वाजायचे थांबेपर्यंत त्याने फोन तसाच धरून ठेवला.